चित्रावर नाव टाकणाऱ्या ईमेल सेवा : डेमो संपल्यावर काय उरतं?

डेमोमध्ये प्रत्येकाचं नाव चार-पाच अक्षरांचं असतं. कपावर, फळ्यावर किंवा ओल्या वाळूवर ते झोकात उमटतं, बघणारा खूश होतो आणि दहाव्या मिनिटाला वार्षिक प्लॅनचा विषय निघतो. पण या सेवांची पारख नाव असताना करायची नसते, ते नसताना करायची असते. यादीतला रकाना रिकामा आहे, किंवा नाव अठ्ठावीस अक्षरांचं आहे, किंवा चित्र मागायला माणूस आलेलाच नाही, जीमेलचा प्रॉक्सी, म्हणजे वाचकाच्या वतीने चित्रं आणणारा मधला सर्व्हर, आलाय, आणि सर्व्हरला उत्तर द्यायला तीन सेकंद लागताहेत. अशा वेळी मेलमध्ये काय दिसतं? सेवा घ्यायची की नाही ते त्यावर ठरवावं. एडिटर देखणा असला तर उत्तमच, पण तो तुमच्या वाचकाला कधी दिसत नाही.

आतलं यंत्र साधं आहे. टेम्प्लेटमध्ये एका चित्राची लिंक असते आणि लिंकच्या शेपटीला मर्ज टॅग जोडलेला असतो. मेल पाठवताना तुमचं ईमेल सॉफ्टवेअर त्या टॅगच्या जागी प्रत्येकाचं नाव, ग्राहक क्रमांक किंवा शिल्लक गुण भरतं. एक लाख मेल गेले की एक लाख वेगवेगळ्या लिंका गेल्या, पण चित्र अजून एकही तयार झालेलं नाही. मेल उघडला गेला, ॲपने लिंक मागितली, की सेवेचा सर्व्हर मूळ चित्र घेतो, त्यावर मजकूर चढवतो आणि पीएनजी, जेपीईजी किंवा जीआयएफ परत पाठवतो. हे सगळं जागच्या जागी, वाचक वाट बघत असताना. काही सेवा चित्रं आधीच बनवून ठेवतात. नाव किंवा सदस्यत्वाचा प्रकार अशा न बदलणाऱ्या माहितीसाठी तीच पद्धत बरी, कारण मेल सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत येणारा लोंढा तिला झेपतो. डेमो देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: चित्र उघडताना बनतं की आधी, आणि दोन्हीतलं निवडता येतं का?

बाजारात काय काय आहे

ढोबळ चार जाती. सर्वांत वर मूव्हेबल इंकसारख्या मोठ्या कंपन्यांसाठीच्या सेवा. ही कंपनी २०१० पासून याच कामात आहे. तिथे नाव चित्रावर टाकणं हा किरकोळ भाग; मुख्य काम म्हणजे दुकानाच्या डेटाबेसमधला साठा, किंमत किंवा सदस्याचे गुण मेल उघडल्या क्षणी चित्रात आणणं. लिटमस पर्सनलाइज त्याच वाटेवरचं. २०२१ मध्ये लिटमसने विकत घेतलेल्या किकडायनॅमिकचं ते नवं नाव. तुमच्याकडे नीट ठेवलेला डेटा आणि तो पुरवणारा एखादा डेव्हलपर नसेल, तर या वर्गात शिरू नये. नाकापेक्षा मोती जड होतो.

मधल्या वर्गात निफ्टीइमेजेससारखी साधनं येतात. मूळ चित्र चढवा, नावाची चौकट आखा, फाँट निवडा, तयार लिंक टेम्प्लेटमध्ये चिकटवा. काउंटडाउन टायमरही त्यातच मिळतो. छोट्या-मध्यम यादीसाठी हा वर्ग पुरेसा आहे आणि शिकायला एक दुपार लागते.

तिसरी जात विक्रीच्या मेलसाठीची, हायपराइज हे त्यातलं ठळक नाव. समोरच्या कंपनीचा लोगो किंवा तिच्या वेबसाइटचा स्क्रीनशॉट चित्रात बसवून पाठवणं ही इथली खासियत. शंभर-दोनशे निवडक लोकांना पाठवताना ते चालतं. हजारोंना पाठवायचं तर लोगो शोधणारं यंत्र चुकतं, चौकोनी लोगोच्या जागी लांबट लोगो येतो, आणि वेबसाइटच्या स्क्रीनशॉटवर कुकीची परवानगी मागणारा पडदा पसरलेला असतो. एवढी मेहनत करून समोरच्याला त्याच्याच कुकीचा पडदा दाखवायचा!

चौथी जात घरी बनवलेली. क्रोम पडद्यामागे चालवून एचटीएमएल पानाचा फोटो काढायचा, किंवा पायथनच्या पिलो लायब्ररीने थेट चित्रावर लिहायचं. खर्च कमी, ताबा पूर्ण, पण सर्व्हर मध्यरात्री पडला तर उठायचंही तुम्हीच. क्रोमने एक चित्र बनायला सहज सेकंदभर जातो, म्हणून हा मार्ग घेणाऱ्यांनी चित्रं आधीच बनवून ठेवावीत. पिलो खूप चपळ आहे, पण देवनागरीचं घोडं तिथेच पेंड खातं. त्याबद्दल पुढे.

नाव बसवणं

मूळ चित्र १२०० पिक्सेल रुंद घ्यावं आणि मेलमध्ये ते ६०० रुंदीने दाखवावं, म्हणजे दाट पडद्यांवरही रेखीव दिसतं. रुंदी फक्त सीएसएसमध्ये लिहून भागत नाही. चित्राच्या टॅगमध्येही ६०० लिहावी लागते, नाहीतर विंडोजवरचं जुनं आउटलुक चित्र १२०० पिक्सेलचंच दाखवून मांडणी फाडतं. २००७ पासून ते आउटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, बरीचशी भानगड त्यामुळेच.

आता नावाची चौकट. १२०० पिक्सेलच्या चित्रात ती साधारण ७२० बाय १६० ठेवावी, फाँट कमाल ९६ आणि किमान ४८ पिक्सेल. किमान ४८ का? ३७५ पिक्सेल रुंदीच्या फोनवर चित्र ०.३१ पट होतं आणि ४८ चा फाँट जेमतेम १५ वर येतो. त्याहून लहान अक्षर वाचणं म्हणजे शिक्षाच. चांगल्या सेवेत ‘चौकटीत बसेपर्यंत लहान कर’ असा पर्याय असतो. त्याहून चांगल्या सेवेत ‘किमान मापातही बसलं नाही तर बिननावाचं चित्र दाखव’ असाही असतो. दुसरा पर्याय नसेल तर लांब नावं चौकटीबाहेर कापली जातात, आणि अर्धवट नावाचं चित्र हे बिननावाच्या चित्रापेक्षा कितीतरी वाईट.

फाइलचा प्रकार निवडताना घाई होते. फोटोवर नाव टाकायचं असेल आणि सेवा मुकाट्याने पीएनजी देत असेल, तर १२०० पिक्सेलचं चित्र सहज १ एमबीच्या वर जातं. जेपीईजी, दर्जा ७५ ते ८०, की तेच चित्र बहुधा १५० ते २५० केबीत येतं. मात्र जेपीईजीत अक्षरांभोवती मळकट कडा दिसतात, लाल अक्षरांना तर हमखास, कारण रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवली जाते. सेटिंगमध्ये ४:४:४ (रंगाची माहिती पूर्ण ठेवणारा) असा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर नाव काळ्या, पांढऱ्या किंवा गडद करड्या रंगात ठेवा. सपाट रंगांच्या चित्राला पीएनजीच योग्य, फक्त पार्श्वभूमी पारदर्शक ठेवू नका. डार्क मोडमध्ये काळं नाव काळ्या पडद्यात बुडून जातं. एसव्हीजी वापरू नये, जीमेल ते दाखवतच नाही. चित्र बेस-६४ करून, म्हणजे अक्षरांच्या रूपात बदलून, मेलच्या आतच कोंबायची युक्तीही जीमेलमध्ये चालत नाही, शिवाय एचटीएमएल १०२ केबीच्या पुढे गेलं की जीमेल मेल मध्येच कापतं आणि अनसबस्क्राइबची लिंक त्या कापलेल्या भागात जाते.

देवनागरी नावांसाठी वेगळी चाचणी लागते, आणि परदेशी सेवांचे विक्रेते तिची तयारी करून आलेले नसतात. देवनागरीत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण दिसते आधी, जोडाक्षरं वितळून एक होतात. हे जुळवण्यासाठी चित्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला हार्फबझसारखं आकार जुळवणारं इंजिन लागतं. पिलोमध्ये राक्म ही लायब्ररी सोबत नसेल तर ‘क्षितिज’मधल्या वेलांट्या चुकीच्या बाजूला पडतात आणि हलन्त उघडा दिसतो. क्रोमवर चालणाऱ्या सेवांना हा त्रास नाही. तपासायला ही पाच नावं पुरतात: क्षितिज, ज्ञानेश्वर, ऋत्विक, श्रद्धा, कुऱ्हाडे. सहावं ‘ॲना’ घ्या. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. हस्ताक्षरासारख्या बहुतेक इंग्रजी फाँटमध्ये देवनागरी नसतेच. मग सेवा गुपचूप दुसरा फाँट लावते आणि वाळूत बोटाने लिहिलेलं नाव सरकारी नोटिशीसारखं दिसतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी सुरक्षित, पण स्वतःचा फाँट चढवता येतो का हे आधी बघा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर फाँटमध्ये ते असावे लागतात आणि भाषा मराठी आहे हेही इंजिनाला सांगावं लागतं. ती सोय फार थोड्या सेवांत असते.

एक बारीक गोष्ट. चित्रात ‘खास अमोलसाठी’ असं लिहायचं तर टॅगला ‘साठी’ चिकटवावं लागतं, आणि यादीत नावामागे एखादी मोकळी जागा राहिली असेल तर ‘अमोल साठी’ उमटतं. प्रत्ययाची भानगडच नको म्हणून ‘स्वागत, अमोल’ अशी रचना केलेली बरी. रकाना रिकामा असला तरी ‘स्वागत’ उरतं, फक्त स्वल्पविराम टॅगच्या आत ठेवायला विसरू नका.

उघडलं म्हणजे कुणी उघडलं?

या सेवांच्या जाहिरातींमधली निम्मी वचनं इथे गळतात. डिसेंबर २०१३ पासून जीमेल सगळी चित्रं स्वतःच्या प्रॉक्सीतून आणतं. त्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता, ज्यावरून त्याचं गाव ओळखतात तो, सेवेला कळत नाही, प्रॉक्सीचा कळतो. ‘वाचक आहे त्या गावचं हवामान चित्रात दाखवा’ हे वचन जीमेलवर पडलंच. प्रॉक्सी चित्र साठवूनही ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा मेल उघडल्यावर जुनंच चित्र दिसू शकतं. सेवेचा सर्व्हर चित्रासोबत ‘साठवू नका’ असा हेडर, म्हणजे सूचना, पाठवतो का ते तपासा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये चित्राची लिंक उघडली की दोन मिनिटांत दिसतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ज्यांनी ते चालू ठेवलंय त्यांच्या मेलमधली चित्रं ॲपल मेल मागच्या मागे, माणसाने उघडायची वाट न बघता, आणून ठेवतं. सकाळी ९ ला मेल गेला, चित्र ९.१० ला आलं, माणसाने ते रात्री ८ ला पाहिलं. काउंटडाउन टायमर सकाळचा वेळ दाखवतो, ‘फक्त ३ शिल्लक’ हे तर केव्हाच खोटं झालेलं असतं. तासा-मिनिटांवर चालणारी कोणतीही माहिती एकट्या चित्रावर सोडू नये. शेवटची तारीख आणि वेळ खाली मजकुरात लिहावी.

टायमरचं आणखी एक. तो जीआयएफ असतो, साधारण ६० चौकटींचा, म्हणजे एका मिनिटाचा खेळ. मिनिट संपलं की पुन्हा पहिल्यापासून फिरतो किंवा थांबतो. जुन्या आउटलुकमध्ये पहिलीच चौकट दिसते, म्हणून ती नुसती सजावटीची नको, तिच्यावर पूर्ण वेळ असावा. मुदत उलटल्यावर कोणतं चित्र दाखवायचं ते ठरवायची जागा एडिटरमध्ये असते, आणि लोक ती रिकामी सोडतात. मग चार दिवसांनी मेल उघडणाऱ्याला चार शून्यं दिसतात.

बिल आणि मोजणी

बहुतेक सेवा किती वेळा चित्र मागितलं गेलं त्यावर पैसे घेतात, काही यादीतल्या माणसांच्या संख्येवर. फरक मोठा आहे. समजा ५०,००० जणांची यादी, महिन्याला ८ मेल, प्रत्येक मेलमध्ये २ वैयक्तिक चित्रं, आणि निम्म्या मेलमधली चित्रं मागितली जातात. ४ लाख मेलपैकी २ लाखांतली चित्रं, प्रत्येकी २, म्हणजे महिन्याला ४ लाख मागण्या. यात ॲपलने आपणहून आणलेली चित्रं आली आणि कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रांनी मेल तपासताना मागितलेलीही आली. माणसाने न पाहिलेल्या चित्राचे पैसे तुम्हीच भरता. मर्यादा ओलांडल्यावर काय होतं हेही करारात वाचा. जादा दर लागत असेल तर ठीक, पण महिनाअखेरीला चित्रं बंद पडून त्या जागी सेवेचं स्वतःचं ‘मर्यादा संपली’ असं चित्र येणार असेल तर तो प्लॅन घेऊ नये.

फायदा मोजताना ओपन रेट (किती मेल उघडले गेले त्याचं प्रमाण) बाजूला ठेवा. ॲपलमुळे तो फुगलेला असतो, आणि चित्र तर मेल उघडल्यानंतरच दिसतं, ते उघडायला कसं लावणार? क्लिक आणि खरेदी मोजा, निम्म्या यादीला साधं चित्र पाठवून. इथे आकड्यांची शिस्त हवी. क्लिकचं प्रमाण ३ टक्के असेल आणि ते ३.६ झालं का हे खात्रीने सांगायचं असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १४,००० माणसं लागतात. २,००० जणांच्या यादीवर एकदा केलेल्या चाचणीतून निघालेला ‘वीस टक्के वाढ’ हा निष्कर्ष नाणं उडवून काढल्यासारखाच. शिवाय नावाच्या चित्राचं अप्रूप पहिल्या-दुसऱ्या मेलपुरतं असतं, म्हणून चाचणी किमान चार मेल चालवावी.

नाव चित्रावर छापणं हा या तंत्राचा सर्वांत दुबळा उपयोग आहे. नाव तर साध्या मजकुरातही येतं, तेही फुकट आणि चित्रं बंद असली तरी दिसणारं. पैसे वसूल होतात ते मजकुरात न मावणारी गोष्ट दाखवताना: गेल्या बारा महिन्यांच्या वापराचा आलेख, बक्षिसापर्यंत किती गुण उरले त्याची पट्टी, आरक्षित आसन दाखवणारा नकाशा, बघून सोडून दिलेल्या वस्तूचा त्याच रंगातला फोटो.

लिंकमध्ये काय जातं

नाव थेट लिंकमध्ये टाकायला सोपं, म्हणून सगळे तसंच करतात. त्यात तीन त्रास आहेत. पहिला तांत्रिक: ‘&’, ‘#’, ‘+’ किंवा ‘%’ असलेलं नाव एन्कोड न करता गेलं तर लिंक तिथेच तुटते. देवनागरी चिन्ह एन्कोड केल्यावर ९ जागा खातं. ‘ज्ञानेश्वर’ची १० चिन्हं लिंकमध्ये ९० होतात. दुसरा खासगीपणाचा: हे नाव सेवेच्या आणि प्रॉक्सीच्या सर्व्हरच्या नोंदीत राहू शकतं. युरोपातले वाचक असतील तर मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआरखाली सेवेशी डेटा हाताळणीचा करार लागतो. तिसरा त्रास चेष्टेखोरांचा. लिंकमधलं नाव कुणीही बदलू शकतो, आणि तुमच्या ब्रँडच्या चित्रावर, तुमच्याच डोमेनवरून, हवी ती शिवी छापून ते चित्र पसरवू शकतो.

तिन्हींवर उपाय एकच: लिंकमध्ये नावाऐवजी अर्थहीन ओळख क्रमांक आणि सोबत सही, म्हणजे गुप्त किल्लीने काढलेला एचमॅक. क्रमांक बदलला की सही जुळत नाही आणि सर्व्हर बिननावाचं चित्र देतो. ज्या सेवेत सहीची सोय नाही, तिथे निदान अक्षरमर्यादा आणि शिव्यांची गाळणी असावी.

पाठवण्याआधी खास वाईट नावांची एक छोटी यादी बनवून स्वतःलाच मेल टाकावा. रिकामा रकाना, नुसती मोकळी जागा, ‘null’ हा शब्द, एकच अक्षर, अठ्ठावीस अक्षरं, तीन शब्दांचं नाव, वर सांगितलेली चिन्हं, इमोजी, अरबी लिपीतलं नाव, आणि ती सहा मराठी नावं. जीमेल, ॲपल मेल आणि विंडोजचं आउटलुक अशा तिन्ही ठिकाणी, एकदा चित्रं चालू ठेवून आणि एकदा बंद करून. चित्रं बंद असताना फक्त पर्यायी मजकूर दिसतो. तोही मर्ज टॅग वापरून लिहा, आणि चित्रातली मुख्य माहिती त्यात येऊ द्या. पडदावाचक वापरणाऱ्यांना तेवढंच ऐकू येतं.

डोमेनचं शेवटी, पण करार करण्याआधी ठरवायचं. सेवेच्या सामायिक डोमेनवरून चित्रं गेली तर दुसऱ्या कुठल्या ग्राहकाच्या स्पॅमचा डाग तुमच्या मेललाही लागतो. स्वतःचं उपडोमेन, ते सेवेच्या सर्व्हरकडे वळवणारी सीनेम नोंद आणि एसएसएल (सुरक्षित जोडणी), एवढं मिळत नसेल तर पुढे जाऊ नका. याचा दुसरा उपयोग सेवा सोडताना कळतो. सदस्यत्व संपलं की जुन्या मेलमधल्या सगळ्या लिंका मरतात आणि लोकांच्या इनबॉक्समध्ये तुटलेल्या चित्रांच्या चौकटी उरतात. उपडोमेन तुमचं असेल तर ते एका साध्या सर्व्हरकडे वळवा, कोणतीही लिंक मागितली तरी एकच बिननावाचं चित्र देणाऱ्या. काम अर्ध्या तासाचं, फक्त सदस्यत्व संपायच्या आदल्या दिवशी करायला हवं.